‘कडक स्प्रिंग, गॅसचे शॉक, दोन इंच उंची’: या सल्ल्यात पाणी कुठे मुरतंय

ऑफ-रोड गाडी घेतली की एक सल्ला हमखास मोबाइलवर येऊन पडतो. थोडक्यात तो असा: कंपनीचं सस्पेन्शन गुळगुळीत रस्त्यांसाठी मऊ केलेलं असतं, ते काढून टाका. हेवी ड्यूटी स्प्रिंग घाला, गाडी जास्त वजन पेलेल. दोन इंच उचला, खाली काही घासणार नाही. शॉक (स्प्रिंगची उसळी थोपवणारे दांडे) गॅसचेच घ्या, आणि घुंडी फिरवून ॲडजस्ट होणारे असतील तर सगळ्यात कडक क्लिकवर ठेवा. प्रत्येक वाक्यात थोडं तथ्य आहे, म्हणूनच तो इतका फिरतो. पण डोळे मिटून तो पाळला तर पैसे जातात आणि गाडी आधीपेक्षा वाईट चालते.

खरी गोम कडक स्प्रिंगच्या मुद्द्यात आहे. स्प्रिंग किती कडक हवी हे मुख्यतः तिच्यावर कायम बसलेलं वजन ठरवतं, रस्ता नाही. हिशोबच करू. समजा मागच्या एका कोपऱ्यात स्प्रिंगवर 350 किलो आहेत, आणि स्प्रिंग 25 न्यूटन प्रति मिलिमीटरची आहे, म्हणजे ती एक मिलिमीटर दाबायला 25 न्यूटन बळ लागतं. सोयीसाठी स्प्रिंग अगदी चाकाशेजारी धरू. तो कोपरा सेकंदाला साधारण 1.35 वेळा डुलेल, आणि हे अंगाला सहज सोसतं. आता तिथे 35 ची स्प्रिंग घातली आणि गाडी रिकामीच ठेवली, तर डुलणं 1.6 च्या घरात जातं. दणके थेट पाठीत बसतात. जुनी चाल परत हवी असेल तर त्या कोपऱ्यावर 490 किलो लागतील, म्हणजे दोन्ही बाजू मिळून 280 किलो जादा. मोठी टाकी, ड्रॉवर, छतावरचा तंबू, पाणी असं सगळं बारा महिने गाडीवरच असेल, तर 35 ची स्प्रिंग रास्त आहे. वर्षातून दोनदा सामान भरणाऱ्याने ती का घ्यावी?

खडकात तर कडकपणा आणखी नडतो. एक चाक वर चढलं की दुसरं खाली लोंबून जमीन धरायला हवं. रिकाम्या गाडीखालची कडक स्प्रिंग मुळात कमी दबलेली असते, त्यामुळे खाली पसरायला तिच्याकडे फारसं उरत नाही आणि चाक हवेत उचललं जातं. डिफरन्शिअल, म्हणजे एक्सलच्या दोन चाकांत ताकद वाटणारा गिअरचा संच, लॉक होणारा नसेल तर नेमकं तेच चाक गरगर फिरत बसतं. पाट्यांच्या गाडीत एक पाटा वाढवण्याची हौस असते, तिचाही परिणाम हाच. शिवाय पाटे एकमेकांवर घासतात, म्हणून लहान खड्ड्यांत तर ते हलतच नाहीत.

वजन पेलण्याबद्दल फार बोलायला नको. नव्या स्प्रिंगने गाडीचं बूड वर राहतं, पण चासी, एक्सल, ब्रेक आणि टायर जुनेच असतात. कंपनीने ठरवलेली एकूण वजनाची मर्यादा स्प्रिंग बदलून वाढत नाही. उलट गाडी वाकलेली दिसत नसल्याने जास्त सामान भरलंय हे लक्षातही येत नाही, आणि मला हा धोका सगळ्यात मोठा वाटतो. पुढच्या टोकाला लोखंडी बंपर आणि विंच (अडकलेली गाडी ओढायचं दोराचं यंत्र) टांगले की ते एक्सलच्या पुढे असल्याने पुढच्या एक्सलवर त्यांच्या स्वतःच्या वजनापेक्षा जास्त भार येतो, आणि जेवढा जास्त तेवढा मागचा हलका होतो. तरीही बदलतात मागच्याच स्प्रिंग!

‘दोन इंच उचला, घासणार नाही’ हे अर्धंच खरं. बॉडी, सिल (दारांखालची कड) आणि बंपर वर जातात, चढाला टेकण्याचा कोन सुधारतो. पण सरळ एक्सलच्या गाडीत सगळ्यात खाली असतो तो डिफरन्शिअलचा गोळा, आणि स्प्रिंगने तो केसभरही उचलला जात नाही. त्याला फक्त मोठा टायर उचलतो, तोही व्यास दोन इंचांनी वाढला तर एकच इंच. पुढे स्वतंत्र सस्पेन्शन असेल तर उंची चाकाच्या खाली जाण्याच्या हालचालीतून कापली जाते. चाक 100 मिमी वर आणि 100 मिमी खाली जात असेल, तर 50 मिमी उचलल्यावर खाली जायला 50 च उरतात. खड्डा आला की शॉक पूर्ण ताणून ‘टक्’ वाजतो. त्यात चाकांना ताकद नेणाऱ्या ड्राइव्ह शाफ्टचे सांधे तिरके होतात, अलाइनमेंट बिघडतं आणि गुरुत्वमध्य वर गेल्याने आडव्या उतारावर गाडी लवकर कलते. त्या सांध्यांवरची रबरी आवरणं, म्हणजे सीव्ही बूट, फाटू लागले की हे सगळं लक्षात येतं.

आता शॉक. स्प्रिंगची उसळी थोपवण्याचं काम शॉकमधलं तेल करतं: पिस्टनच्या छिद्रांतून आणि व्हॉल्व्हच्या पातळ चकत्यांमधून ते ढकललं जातं, आणि हालचालीची उष्णता होते. नायट्रोजन असतो तो तेलावर दाब ठेवून फेस होऊ नये म्हणून. मोनोट्यूबमध्ये, म्हणजे एकाच नळीच्या शॉकमध्ये, हा दाब साधारण 20 ते 25 बार असतो. 14 मिमीच्या रॉडवर 25 बार म्हणजे सुमारे 39 किलोचा धक्का. त्याने गाडी किंचित वर येईल, भार पेलला जाणार नाही. शिवाय ट्विन-ट्यूबमध्येही, म्हणजे नळीत नळी असलेल्या शॉकमध्येही, कमी दाबाचा गॅस बहुधा असतोच. मोनोट्यूबची नळी थेट वाऱ्याला लागते, म्हणून ती लवकर थंड होते. मैलोन्मैल पत्र्यासारख्या खळग्यांच्या रस्त्यावर वेगात जाणाऱ्यांना ती हवीच, शॉकला तेलाची वेगळी बाहेरची टाकी असेल तर उत्तम. पण त्याच नळीला दगडाने पोचा पडला तर पिस्टन अडकतो. ट्विन-ट्यूबची बाहेरची नळी तेवढा मार सोसते. दगडांवरून सावकाश चढणाऱ्याला मी चांगली जाड ट्विन-ट्यूबच सुचवेन.

शॉकची निवड स्प्रिंगनंतरच होते, आणि सल्ल्यात हेच नाही. स्प्रिंग 40 टक्के कडक केली आणि वजन तेच राहिलं, तर पूर्वीइतकंच नियंत्रण मिळवायला शॉकचा विरोध सुमारे 18 टक्के वाढायला हवा; वजनही त्याच प्रमाणात वाढलं तर पूर्ण 40 टक्के. कंपनीच्या शॉकवर नुसत्या कडक स्प्रिंग बसवल्या की गाडी घोड्यासारखी उधळते, आणि दोष मात्र ‘जुन्या शॉक’ना जातो.

कडक क्लिकचं काय? एकच घुंडी असलेल्या बऱ्याच शॉकमध्ये ती मुख्यतः परतीची हालचाल आवरते. ती फार आवळली तर लागोपाठच्या खळग्यांत चाकाला पुढच्या दणक्याआधी खाली यायला वेळच मिळत नाही. गाडी दर दणक्याला थोडी थोडी खाली बसत जाते आणि शेवटी बंप स्टॉपवर, म्हणजे चाकाची वरची हालचाल थांबवणाऱ्या रबरी ठोकळ्यावर, आदळते. मग चालक म्हणतो, अजून कडक हवं.

खरेदीआधी नेहमीचं सामान, माणसं आणि भरलेली टाकी घेऊन वजनकाट्यावर पुढचा आणि मागचा एक्सल वेगवेगळा मोजा. दुकानदाराकडून स्प्रिंग किती न्यूटन प्रति मिलिमीटरची आहे ते, कोणत्या वजनासाठी ती आहे ते, आणि शॉकची पूर्ण मिटलेली व पूर्ण ताणलेली लांबी लिहून घ्या. बसवताना, घट्ट करण्याआधी, स्प्रिंग काढून चाक जॅकने बंप स्टॉप पूर्ण दबेपर्यंत वर न्या. शॉक त्याआधीच मिटून टेकला, तर तो त्या गाडीसाठी लांब आहे. मग खाली सोडा आणि ब्रेकचा पाइप ताणला जातोय का ते बघा.