अळवावरचं पाणी एलसीडीतून निघत नाही

‘जुन्या टीव्हीचा नाहीतर मोबाइलचा स्क्रीन फोडा, आतलं लिक्विड क्रिस्टल हेल्मेटच्या काचेवर चोळा. पाणी कमळाच्या पानावरून घरंगळावं तसं घरंगळेल. शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय.’ पाऊस सुरू झाला की हा फॉरवर्ड हमखास येतो.

पहिलं म्हणजे, चोळणार काय? एलसीडीच्या, म्हणजे लिक्विड क्रिस्टल भरलेल्या स्क्रीनच्या, दोन काचांमधली फट जेमतेम 4-5 मायक्रोमीटरची. 15 बाय 7 सेंटिमीटरच्या स्क्रीनचा हिशेब केला तर द्रव भरतो एक थेंबभर. 32 इंची टीव्हीत पाव चमच्याच्या आसपास, तोही काचेला चिकटलेला. आणि मोबाइल ओएलईडीचा असेल तर त्यात लिक्विड क्रिस्टल नसतंच.

‘शास्त्रज्ञांनी’ हे मात्र अगदीच हवेतलं नाही. दक्षिण कोरियातल्या केएआयएसटी (KAIST) या संस्थेतल्या संशोधकांनी 2009 मध्ये लिक्विड क्रिस्टलपासून पाणी झटकणारा पृष्ठभाग खरोखर केला. पण त्यांचा पदार्थ वेगळा होता: स्मेक्टिक, म्हणजे थरांवर थर रचणारा, आणि रेणूंना फ्लोरिनची शेपटी जोडलेला. तो तापवून थंड करताना थर वाकतात आणि पृष्ठभागावर ओळीने सूक्ष्म खळगे पडतात. टीव्हीतलं लिक्विड क्रिस्टल नेमॅटिक असतं. त्याला थरच नाहीत, ते वाहतं. काचेवर चोळलंत तर तेलकट डाग पडेल, बस्स.

खरी मेख या खळग्यांत आहे. सपाट पृष्ठभागावर फ्लोरिनचं कितीही भारी रसायन लावलं तरी थेंबाचा स्पर्शकोन (थेंबाची कड पृष्ठभागाशी करते तो कोन; तो जितका मोठा, तितका थेंब गोल) 120 अंशांच्या आसपास अडतो. कमळासारखं वागायला तो 150च्या वर हवा, आणि त्यासाठी थेंबाखाली हवा अडकवणारा खडबडीतपणा लागतो. पटत नसेल तर वडीसाठी आणलेल्या अळवाच्या पानावर पाणी शिंपडा. थेंब पाऱ्यासारखे पळतात. आता पानाचा एक कोपरा बोटाने दाबून चोळा आणि पुन्हा शिंपडा. तिथे पाणी पसरतं. मेणाची बारीक नक्षी मोडली, एवढंच झालं. फॉरवर्ड ‘चोळा’ म्हणतो तेव्हा मला हा कोपरा आठवतो.

राहिला प्रश्न स्क्रीन फोडण्याचा. जुन्या एलसीडी टीव्हीत पडद्यामागे एलईडीऐवजी पेन्सिलीहून बारीक अशा दिव्याच्या नळ्या असायच्या. त्यांत खराच पारा असतो, आणि त्या फुटायला वेळ लागत नाही.