‘जबाबदारीने खेळा’, पण जबाबदारी कुणाची?
ऑनलाइन जुगारावरच्या तुमच्या लेखात सगळा भर खेळणाऱ्याच्या संयमावर दिलाय, ते काही पटलं नाही. २०१३ च्या डीएसएम-५ मध्ये (मानसिक विकारांच्या निदानासाठीची अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांची पुस्तिका) जुगाराचा विकार दारू-ड्रग्जच्या व्यसनांच्या रांगेत आला. आणि जुगाराच्या कित्येक ॲपची रचना बघा: पैसे भरायला एक टॅप, काढायला दोन-तीन दिवस, आणि मधल्या काळात ‘रक्कम परत खेळात घ्या’ हे बटण डोळ्यांसमोर. गेलेले पैसे भरून काढायच्या नादातला माणूस ते दाबणारच! रात्री-अपरात्री कोण रक्कम वाढवत चाललंय, हे कंपनीला घरच्यांच्या आधी दिसतं. तरी त्याला जातो तो बोनस (वर ‘व्हीआयपी’ म्हणून मान!). ब्रिटनने २०२० मध्ये क्रेडिट कार्डावरचा जुगार बंद केला. उधारीचं ते दार सगळीकडेच बंद व्हावं, आणि माणसाने स्वतःवर घालून घेतलेली बंदी एका ॲपपुरती राहू नये.