‘समाजकार्याचीही आवड’

परवा आमचे सर निवृत्त झाले. बत्तीस वर्षं सरकारी आरोग्य खात्याच्या संगणकीकरणात काढली. निरोपाला शाल-श्रीफळ झालं, भाषणं झाली. कुठल्या पदावर कधी होते, कोणती प्रणाली आणली, सगळं वाचून दाखवलं. आणि शेवटी एक वाक्य : “सरांना समाजकार्याचीही आवड आहे.”

तो ‘ही’ मला टोचला. घरी आले तरी डोक्यातून जाईना, म्हणून लिहितेय.

मी कंत्राटी डाटा एंट्री ऑपरेटर म्हणून नागपुरातल्या एका सरकारी दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर लागले. मेडिकल, मेयो, डागा, आता मिहानमधलं एम्स, या शहरातल्या कुठल्याही सरकारी दवाखान्याची सकाळची रांग बघा. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीच नाही, छिंदवाडा-बालाघाटहून रात्रभर प्रवास करून आलेली माणसं असतात त्यात.

नवीन सॉफ्टवेअर आलं तेव्हाची गोष्ट. एक आजी आल्या, सोबत तापाने फणफणलेली नात. नंबर टाकला तर स्क्रीनवर लाल अक्षरात : हा मोबाइल क्रमांक आधीच नोंदलेला आहे. नंबर त्यांच्या मुलाचा, आणि त्याच्या नावाने आधीच केसपेपर निघालेला. दुसरा नंबर द्या म्हटलं, तर म्हणाल्या, “घरात एकच मोबाइल आहे जी. तोही पोट्ट्याजवळ, अन् तो गेला कामाले.” ओटीपी कुठून आणणार? मागून रांग ओरडायला लागली. पोरगी काउंटरला डोकं टेकून उभी होती.

सर तेव्हा माझ्यामागे स्टुलावर बसले होते. सॉफ्टवेअर सुरू झाल्यावर आठवडाभर ते रोज सकाळी तिथेच बसायचे. त्यांनी आजींचा केसपेपर स्वतः हाताने लिहिला, शिक्का मारला, आणि वहीत काहीतरी टिपून घेतलं. पुढे कंपनीच्या माणसांशी महिनाभर भांडले. एका नंबरवर घरातली सगळी माणसं नोंदता आली पाहिजेत, आणि नंबर नसेल तर रकाना रिकामा सोडता आला पाहिजे. झालं तसं. बदल दोन ओळींचा, पण तो सुचायला एका मोबाइलवर चालणारं घर आतून पाहिलेलं असावं लागतं.

सरांनी ते पाहिलं होतं रविवारी. वीसेक वर्षं ते उत्तर नागपुरातल्या वस्त्यांमध्ये सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या तपासणी शिबिरांना जातात. विदर्भात हा आजार किती घरांत आहे हे इथल्या माणसाला सांगायला नको. आई-वडील दोघेही वाहक, म्हणजे स्वतः आजारी नसून दोष पुढे देणारे, असतील तर प्रत्येक बाळंतपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक. बोटाला टोचून घेतलेल्या थेंबावर आधी सॉल्युबिलिटी चाचणी, ती पॉझिटिव्ह आली तर खात्रीसाठी प्रयोगशाळेत इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी चाचणी. तपासणी सोपी आहे. अवघड आहे निकाल घरी घेऊन जाणं.

आमच्या सॉफ्टवेअरमध्ये केसपेपरच्या माथ्यावर ठळक अक्षरात आजाराचं नाव छापलं जायचं. डॉक्टरांना सोयीचं म्हणून. सरांनी ते काढायला लावलं. वस्तीतल्या एका आईने त्यांना विचारलं होतं, “साहेब, हा कागद पोरीच्या सासरी कोणाच्या हाती लागला तर?” ती माहिती आता डॉक्टरच्या स्क्रीनवर दिसते, कागदावर नाही. केंद्र सरकारचं सिकलसेल निर्मूलन अभियान जुलै 2023 मध्ये सुरू झालं, 40 वर्षांपर्यंतच्या 7 कोटी लोकांच्या तपासणीचं उद्दिष्ट ठेवून. एवढ्या मोठ्या नोंदी ठेवणाऱ्यांपैकी किती जणांनी असा प्रश्न समोर बसून ऐकलाय?

मी यंत्रणेच्या विरोधात नाही. 16 जानेवारी 2021 ला कोविडचं लसीकरण सुरू झालं आणि 21 ऑक्टोबरपर्यंत देशात 100 कोटी डोस झाले. लसीच्या नोंदणीचं सरकारी पोर्टल, कोविन, त्याच्याशिवाय याचा हिशेब राहिला नसता. पण त्याच वर्षी 1 मेपासून 18 ते 44 वयाच्या लोकांना ऑनलाइन नोंदणीशिवाय लस नव्हती. शहरातली पोरं गाड्या काढून तालुक्याच्या केंद्रावर लस घेऊन यायची आणि त्या गावचीच माणसं दारात उभी राहायची. सरकारी केंद्रांवर जागेवर नोंदणीची मुभा 24 मेला मिळाली. त्यानंतर सुप्रीम कोर्टानेही डिजिटल दरीवर बोट ठेवलं. ते तीन आठवडे मला अजून खुपतात. ज्याला ओटीपी येत नाही तो माणूस आराखडा करताना कुणाच्या डोळ्यांसमोर असता, तर ते वाचले असते.

आभाचंही तेच. आभा म्हणजे रुग्णाच्या आरोग्य नोंदी एकत्र जोडणारं सरकारी डिजिटल खातं. 14 अंकी क्रमांक, 27 सप्टेंबर 2021 पासून देशभर. भामरागडहून पिशवीत फायली घेऊन येणाऱ्या माणसाचे जुने रिपोर्ट इथे दिसले तर त्याच्यासारखं सुख नाही, सर हे पोटतिडकीने सांगायचे. पण आभा ऐच्छिक आहे. किती आभा काढले याचे वरून आकडे मागितले जायचे तेव्हा सर आम्हाला बजावायचे, “आधी विचारा. कशासाठी आहे ते सांगा. नको म्हणाले तर केसपेपर द्या अन् पुढचा नंबर घ्या.” त्या महिन्यांत आमचा आकडा खाली असायचा. त्याची बोलणी सर खायचे, आमच्यापर्यंत कधी पोचू दिली नाहीत.

म्हणून मला तो ‘ही’ पटत नाही. वस्तीतले रविवार बाजूला काढले तर सरांच्या कामात नुसती टेंडरं उरतात.

त्यांच्या जागी कोण येणार ते अजून कळलेलं नाही. जे येतील त्यांच्यासाठी माझ्या मागचं स्टूल पुसून ठेवलंय. साहेब, आठच्या आत या. नऊला रांग दारापर्यंत जाते, मग पुढच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही.