‘लिनक्सवाल्यांना सीपी-सीएमएस कशाला?’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमचे आक्षेप दोन. झेड/व्हीएमच्या (आयबीएमच्या मेनफ्रेमवर अनेक व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या प्रणालीच्या) पाच दिवसांच्या प्राथमिक प्रशिक्षणातले पहिले दोन दिवस सीपी-सीएमएसमध्ये (सीपी म्हणजे व्हर्च्युअल मशीन सांभाळणारा भाग, सीएमएस म्हणजे त्यावर चालणारी छोटी कार्यप्रणाली) वाया जातात, कारण आजची मुलं एसएसएचनं (नेटवर्कवरून दूरस्थ लॉगिन) थेट लिनक्समध्ये शिरतात. आणि डिरमेंट (डिरेक्टरी सांभाळणारं साधन) असताना यूजर डिरेक्टरी (कोणत्या व्हर्च्युअल मशीनला काय मिळेल याची फाइल) हातानं लिहायला शिकवणं म्हणजे १९७२च्या व्हीएम/३७०मध्ये (झेड/व्हीएमच्या पूर्वजात) अडकून राहणं.

रेक्स या स्क्रिप्टभाषेवर जास्त वेळ जातो, हे मात्र तुमचं बरोबर आहे. ते तास कमी करतो. नव्या माणसाला प्रोफाइल एक्झेक (सीएमएस सुरू होताना आपोआप चालणारी स्क्रिप्ट) वाचून त्यातल्या दोन-चार ओळी बदलता आल्या की पुरे. एक्सएडिट या एडिटरचंही तेच.

सीपी मात्र काढणार नाही. एसएसएच चालू असतं तोवर कुणाचंच अडत नाही. गेस्टचं (व्हर्च्युअल मशीनमध्ये चालणाऱ्या लिनक्सचं) नेटवर्क गेलं किंवा बूट अडकलं की ३२७० कन्सोल (मेनफ्रेमचा टर्मिनल पडदा) उरतो, आणि लिनक्सची सवय असलेला माणूस नेमका तिथे चुकतो. काम झालं म्हणून तो सवयीनं ‘#सीपी लॉगऑफ’ टाइप करतो. सीपीच्या दृष्टीनं लॉगऑफ म्हणजे ते व्हर्च्युअल मशीनच संपलं. चालू लिनक्सची वीज तोडल्यासारखं. हवं असतं ‘#सीपी डिसकनेक्ट’, म्हणजे फक्त कन्सोल सुटतो, मशीन चालू राहतं.

दुसरी चूक याहून फसवी. चालू गेस्टच्या कन्सोलवर परत लॉगऑन केलं की ‘सेट रन ऑन’ (गेस्टला न थांबवण्याची आज्ञा) दिलेलं नसेल तर पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात खाली ‘सीपी रीड’ दिसतं. म्हणजे गेस्ट थांबलाय. ‘बिगिन’ ही आज्ञा देईपर्यंत तो हलत नाही, आणि इकडे अॅप्लिकेशनवाले नेटवर्क तपासत बसतात. म्हणून ‘सेट रन ऑन’ प्रत्येक लिनक्स गेस्टच्या प्रोफाइल एक्झेकमध्ये हवंच. डिसकनेक्ट झालेला गेस्ट सीपी रीडमध्ये अडकला, तर सेटिंग बदललेलं नसल्यास १५ मिनिटांनी सीपी त्याला लॉगऑफ करून टाकतो.

आता डिरेक्टरी. डिरमेंट हे वेगळे पैसे मोजून घ्यायचं फीचर आहे, सगळीकडे नसतं. असलं तरी ही ओळ वाचता यायलाच हवी:

एमडिस्क ०१९१ ३३९० ०००१ ००१० एलएक्स०००१ एमआर

म्हणजे एलएक्स०००१ या वॉल्यूमवर (डिस्कवर) सिलिंडर (डिस्कच्या जागेचं माप) १ पासून १० सिलिंडरची मिनीडिस्क, म्हणजे गेस्टला दिलेला डिस्कचा तुकडा. शेवटचा सिलिंडर १०, त्यामुळे पुढची मिनीडिस्क ११ पासून सुरू. तिथे १० लिहिलं की दोन मिनीडिस्क एकमेकींवर चढल्या. डिरेक्टरी लागू करणारा डिरेक्टएक्सए फक्त वाक्यरचना तपासतो, असा ओव्हरलॅप तो मुकाट्यानं स्वीकारतो. त्यासाठी आधी डिस्कमॅप (मिनीडिस्कचा नकाशा काढणारं साधन) चालवायचा आणि निघालेल्या फाइलमध्ये ‘ओव्हरलॅप’ शब्द शोधायचा.

सुरुवात ० लिहिली तर प्रकरण आणखी गंभीर. सिलिंडर ०वर वॉल्यूमचं लेबल आणि अॅलोकेशन मॅप (कुठली जागा कशासाठी याची नोंद) असतो. गेस्टनं मिनीडिस्क फॉरमॅट केली की लेबल पुसलं जातं. त्या दिवशी काहीच बिघडत नाही, कारण सीपीनं तो वॉल्यूम आधीच जोडून घेतलेला असतो. पुढच्या आयपीएलला (सीपी नव्यानं बूट होताना), कदाचित महिन्यांनी, त्या लेबलचा वॉल्यूम सापडत नाही आणि त्यावरच्या सगळ्या मिनीडिस्क गायब. तोवर मूळ चूक कुणाच्या लक्षातही नसते. संपूर्ण डिस्क व्यापणाऱ्या मिनीडिस्कसाठी ० पासूनची सुरुवात वैध असल्यानं यंत्र अडवतही नाही, अडवायचं माणसालाच.

पेजिंगवर (मेमरीतला मजकूर डिस्कवर हलवण्यावर) एकच तास आहे, तो पुरेसा वाटतो: ‘क्वेरी अॅलॉक पेज’ रोज बघायचं. पेजची जागा संपली की सीपी स्पूलची (छपाई वगैरेच्या फाइलींची) जागा खायला लागतो, आणि तीही संपली की पीजीटी००४ अॅबेंडनं (सीपी अचानक कोसळून) सगळे गेस्ट एकदम खाली येतात.

सरावाला मशीन कुठून आणायचं, हा तुमचा प्रश्न रास्त आहे. ऑफिसच्या टेस्ट एलपारवर (मेनफ्रेमच्या चाचणीसाठीच्या विभागावर) क्लास जीचा, म्हणजे सामान्य अधिकारांचा, यूजर मागून घ्या. तेवढ्यात कन्सोलचे सगळे प्रयोग होतात आणि दुसऱ्याच्या गेस्टला धक्का लागत नाही. तेही नसेल तर घरच्या लॅपटॉपवर हर्क्युलीस एम्युलेटर (मेनफ्रेमची नक्कल करणारा प्रोग्राम) आणि व्हीएम/३७० कम्युनिटी एडिशन फुकट चालतं. त्यावर आजचं लिनक्स चालणार नाही, पण लॉगऑफ आणि डिसकनेक्टमधला फरक मात्र तिथेही असाच्या असा दिसतो.