हुडेंच्या दगडांबद्दलही लिहायला हवं होतं

सतराव्या शतकातले डच गणिती योहानेस हुडे यांच्यावरचा तुमचा लेख आवडला. त्यांचं गणित, समीकरणांवरचे त्यांचे नियम, सगळं छान मांडलंय. पण ॲमस्टरडॅमचे महापौर म्हणून त्यांनी जे केलं ते एका ओळीत उरकलंत, याची मनापासून हळहळ वाटली.

१६७५च्या पुरानंतर शहराचे बांध आणि पाण्याची दारं भक्कम करण्यात त्यांचा मोठा वाटा होता. १६८२च्या सुमारास शहराच्या जलद्वारांमध्ये संगमरवराचे आठ दगड बसवले गेले. त्यांतला एकच आज मूळ जागी आहे, एनहोर्नस्लाउस या जलद्वाराच्या भिंतीत. नोकरीनिमित्त ॲमस्टरडॅमला आल्यावर मी मुद्दाम बघायला गेलो होतो. पांढऱ्या दगडात एक आडवी खाच आणि शेजारी कोरलेली अक्षरं: समुद्राच्या बांधाची उंची, शहराच्या पाणीपातळीपेक्षा नऊ फूट पाच इंच वर. (तिथल्या जुन्या मापाने, म्हणजे सुमारे २.६८ मीटर.) बस, एवढंच. नाव नाही, गौरव नाही.

शहराच्या त्याच पाणीपातळीवरून पुढे संपूर्ण नेदरलँड्सची उंची मोजायची शून्यरेषा ठरली. विमानतळ समुद्रसपाटीखाली असलेल्या देशात ही रेघ म्हणजे जगण्यामरण्याचा प्रश्न. पुढच्या लेखात या दगडांना जागा द्याच, ही विनंती.