सिसेरोच्या नावावर काहीही खपवू नका

"अंदाजपत्रक समतोल हवं, तिजोरी भरली पाहिजे, कर्ज उतरवा, परदेशांना मदत थांबवा, लोकांनी सरकारच्या जिवावर जगणं सोडून कामाला लागावं. – सिसेरो, इ.स.पू. ५५." प्राचीन रोमचा वक्ता आणि राजकारणी सिसेरो याच्या नावावर हा फॉरवर्ड वर्षानुवर्षं फिरतोय. परवा आमच्या दादाने घरच्या ग्रुपवर रेशनची बाजू घेणाऱ्या भाचीच्या तोंडावर तो मारला. जोडीला सिसेरोचंच म्हणे, इ.स.पू. ४२ चं सिनेटमधलं भाषण: राष्ट्र मूर्खांना पचवतं, आतल्या गद्दारांना नाही. म्हणजे रेशनबद्दल बोलली म्हणून पोरगी गद्दार!

आधी हे भाषणच घेऊ. सिसेरोला मारलं इ.स.पू. ४३ च्या डिसेंबरात. इसवी सनापूर्वीची वर्षं उलटी मोजतात, तेव्हा ४२ साल उजाडलं त्याच्या मरणानंतर. भाषण केलं कोणी, भुताने? आणि मारलं का? तेव्हा रोमची सत्ता हातात घेतलेल्या अँटनी, ऑक्टेव्हियन आणि लेपिडस यांनी शत्रूंची यादी काढली, तिच्यात त्याचं नाव होतं. मुंडकं आणि हात फोरममध्ये, म्हणजे रोमच्या मुख्य चौकात, जिथून तो भाषणं करायचा तिथेच लावले. त्याचेही हात स्वच्छ नव्हते. इ.स.पू. ६३ मध्ये कॉन्सल (रोमचा सर्वोच्च अधिकारी) असताना, सत्ता उलथवू पाहणाऱ्या कॅटिलिनाच्या कटातले पाच जण त्याने खटला न चालवता मारवले आणि त्यापायी ५८ मध्ये स्वतः परागंदा झाला. लोकांना गद्दार ठरवायला हाच माणूस सापडला?

अंदाजपत्रकाचा उतारा निघालाय लेखिका टेलर कॉल्डवेलच्या १९६५ च्या 'अ पिलर ऑफ आयर्न' या कादंबरीतून. परदेशांना मदत वगैरे तर सोडाच. रोम प्रांतांकडून वसुली करायचा.

आता रोममधलं सरकारी धान्यवाटप सिसेरोला खुपायचं, एवढं खरं. मान्य करावं लागतं. अथेन्समध्ये शिकणाऱ्या मुलासाठी इ.स.पू. ४४ मध्ये त्याने 'दे ऑफिकीइस' (कर्तव्यांविषयी) हे पुस्तक लिहिलं. त्याच्या दुसऱ्या भागात तो सांगतो की गायस ग्राकस या रोमन नेत्याच्या धान्यवाटपाने तिजोरी रिती होत होती. (ते वाटपही फुकट नव्हतं, स्वस्त दराने होतं. फुकट केलं क्लोडियसने, सिसेरोला हाकलणाऱ्याने.) फॉरवर्डवाले इथे थांबतात. सिसेरो थांबत नाही. लगेच पुढे म्हणतो की मार्कस ऑक्टेव्हियस या दुसऱ्या नेत्याचं माफक वाटप राज्याला झेपणारं होतं, गरिबांना गरजेचं होतं, आणि म्हणून नागरिक व राज्य दोघांच्याही भल्याचं होतं.