माझ्यातला लेखक कोण?

रात्री साडेअकराला "बारा प्रश्न, तुमच्यात कोणता सायन्स फिक्शन लेखक दडलाय ते बघा" असं काहीतरी समोर आलं आणि मी पांघरूण बाजूला सारून उठूनच बसले. कोण दडलाय ते मला आधीच ठाऊक होतं म्हणा, आयझॅक ॲसिमॉव्ह. लिहिलेली-संपादित केलेली धरून 500च्या आसपास पुस्तकं त्याच्या नावावर, माझ्या नावावर अर्धवट सोडलेल्या तीन डायऱ्या, पण आतून आम्ही सेम.

पहिलाच प्रश्न, अवकाशात जायची संधी मिळाली तर? खरं उत्तर होतं शेवटचा पर्याय, ‘मी इथेच बरी’. विमान उडताना मी शेजारच्या अनोळखी बाईचा हात धरते आणि उतरेपर्यंत सोडत नाही. पण ॲसिमॉव्ह व्हायचंय म्हटल्यावर ‘आत्ता निघूया’ दाबलं. पुढचा प्रश्न, रोबोटने ऐकलं नाही तर? इथे मी पाठ करूनच बसलेली, 1942च्या कथेतले त्याचे तीन नियम, माणसाला इजा करायची नाही, सांगितलेलं ऐकायचं, मग स्वतःला जपायचं. (आमच्या घरात तिसरा नियम सगळे पाळतात, दुसरा कोणीच नाही.)

नारळीकरांनी 1974 साली कथास्पर्धेत ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने कथा पाठवली होती, का तर नाव बघून मार्क मिळू नयेत. मी नाव खरं ठेवलं आणि बाकी सगळं खोटं लिहिलं.

निकाल, फिलिप के. डिक. "समोरचं जग खरं आहे का, अशी शंका तुम्हाला सतत येते." मला कसली शंका येतेय? परत उत्तरं दिली. ‘पाऊस’च्या जागी ‘सूर्यास्त’ केलं, ‘मांजर’च्या जागी ‘कुत्रा’. डिक. तिसऱ्यांदा, डिक.

मग धाकट्या भावाला फोन दिला. त्याने आयुष्यात वॉशिंग मशीनचं मॅन्युअल सोडून काही वाचलेलं नाही, आणि तेही चित्रं बघून. विमान नको, प्रवास नको, खोलीचं दार लावून बसायला आवडतं, अशी खरीखरी उत्तरं जांभया देत दाबली आणि दोन मिनिटात ॲसिमॉव्ह! शोधून बघितलं तर ॲसिमॉव्हला खरंच विमानाची भीती, अख्ख्या आकाशगंगेत माणसं फिरवणारा हा बाबा स्वतः उडायला तयार नसायचा. कथांमधून मंगळावर वस्ती करून देणारे लेखक रे ब्रॅडबरी तर कधी गाडीसुद्धा चालवायला शिकले नाहीत. म्हणजे माझा भित्रेपणा हीच माझी एकमेव पात्रता होती आणि तीच मी लपवली.

चौथ्यांदा सगळं खरं लिहिलं, शेजारच्या बाईच्या हाताला स्मरून. डिक.

आता मला वाटतंय की फोनने मला ओळखून ठेवलंय. भावाचा निकालही त्याने आधीच ठरवून ठेवला असणार, नाहीतर तो एवढा शांत कसा? शिवाय तो मघाशी खोलीत आला होता तो नक्की तोच होता का. स्क्रीनशॉट काढून ठेवलेत चारही, पुरावा म्हणून.